हलक्या पायानं

देवनहळ्ळीहून परत येताना, टोलनाका ओलांडल्यावर, संग्रामनं एका टँकरला मागं टाकायला ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज एकदम चढला, आरपीएमचा काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर गेला, आणि गाडी होती तेवढ्याच वेगानं टँकरच्या मागं चालत राहिली. त्यानं पाय उचलला. काटा खाली आला. पुन्हा दाबून बघितलं, तर पुन्हा तेच. मग पायांजवळून एक जळका, आंबूस वास वर आला.

शेजारच्या सीटवर त्याचे वडील मल्लाप्पा बसले होते. जेवण होऊन तासही झाला नव्हता आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले, "क्लच घसरायलाय."

"टँकरचा वास असेल, अप्पा."

"टँकरचा वास निराळा. बाजूला घे."

मल्लाप्पांनी एकतीस वर्षं निपाणी डेपोत सरकारी बस चालवली होती. रिटायर झाले त्या वर्षी त्यांनी ही डिझेल गाडी घेतली, आयुष्यातली पहिली स्वतःची, आणि सहा वर्षं स्वतःच चालवली. दुसऱ्या कुणाला ते किल्ली देत नसत. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा एक दिवस कुणी काही न सांगता त्यांनी गाडी संग्रामच्या नावावर केली आणि त्याला बोलावून घेतलं. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. संग्राम बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचा. गाडी तेव्हापासून तिथंच होती.

आता मल्लाप्पा आणि गंगव्वा पंधरा दिवसांसाठी मुलाकडं आले होते. त्या रविवारी तिघं देवनहळ्ळीला गेले ते शिवाप्पांना भेटायला. अकरा वर्षं मल्लाप्पांच्या बसवर शिवाप्पा कंडक्टर होते. आता ते तिथल्या किल्ल्यापलीकडच्या नव्या वसाहतीत मुलीकडं राहत. दोघा म्हाताऱ्यांनी जेवताना जुन्या रूटवरचे थांबे एकामागोमाग एक म्हणून दाखवले होते आणि एकही चुकला नव्हता.

संग्रामनं गाडी सर्व्हिस रोडला घेतली. पुढं एका झाडाखाली शहाळ्यांचा ढीग मांडून एक बाई बसली होती, तिथं सावलीत थांबवली. मागच्या सीटवर गंगव्वा जागी झाली.

"आलं का घर?"

"नाही आई. गाडी जरा तापली."

"मग मला एक शहाळं सांग," ती म्हणाली आणि दार उघडून पाय बाहेर सोडून बसली.

मल्लाप्पा खाली उतरले. बॉनेट वगैरे काही उघडलं नाही. गाडीच्या पुढच्या बाजूला उभं राहून त्यांनी नुसता वास घेतला.

"कवापासनं घसरायलाय?"

"आजच."

"संग्राम."

"दोन आठवडे झाले," संग्राम म्हणाला. "चढावर फक्त. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोरात दाबलं तर."

"क्लचची प्लेट मी गाडी चालवली तवा चांगली होती. माझ्या पायाखाली प्लेट लवकर जात न्हाई. आन् मघाशी तू टँकरमागं दाबलंस तवा आवाज ऐकला मी. हे मी तुला दिलेलं इंजिन न्हवं."

संग्राम शहाळ्याचा देठ बोटांनी फिरवत राहिला. टाळण्यात आता अर्थ नव्हता. त्यानं सांगून टाकलं.

इंजिन तेच होतं. पण ते चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम त्यानं वर्षभरापूर्वी बदलून घेतला होता. टर्बो जास्त हवा ढकलतो, डिझेल जास्त जातं, आणि ओढण्याची ताकद जवळजवळ दीडपट होते. ऑफिसातला रोशन त्याला असं काम करणाऱ्या एका माणसाकडं घेऊन गेला होता. त्या माणसानं काम झाल्यावर स्पष्ट बजावलं होतं की क्लच मात्र कंपनीचाच आहे, तो एवढा जोर पेलेलच असं नाही, तेव्हा खालच्या आरपीएमला एकदम दाबू नका. संग्रामनं दोन महिने ते पाळलं. मग हळूहळू पाळेनासा झाला.

का केलं, हे सांगणं अवघड होतं. आठवडाभर गाडी होसूर रोडवर मुंगीच्या पावलानं चालायची. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत ऑफिसला जायचं, तेच बघत परत यायचं. पण रविवारी सकाळी सहाला तो एकटाच या विमानतळाच्या रस्त्यावर यायचा. रस्ता मोकळा असला की तिसऱ्या गिअरमध्ये एकदाच पूर्ण दाबायचा. दहा-बारा सेकंद. मग पाय उचलून, कुठंतरी इडली खाऊन घरी.

मल्लाप्पांनी सगळं ऐकलं.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो. तरी सांगायचं होतंस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच संग्रामला वर बघवेना. या गाडीचा साधा हॉर्नसुद्धा त्यांनी कधी बदलू दिला नव्हता. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी चार वर्षांनी काढलं होतं.

रस्त्यावरून विमानतळाच्या बसा जात होत्या. गंगव्वा शहाळं विकणाऱ्या बाईशी कन्नडमध्ये गुडघेदुखीवर बोलत होती. मल्लाप्पांनी विचारलं, "कसं वाटतंय? दाबल्यावर?"

संग्रामला वाटलं ते टोमणा मारताहेत. पण ते खरंच विचारत होते.

"तवंदी घाट आठवतो का, अप्पा? तुमची बस भरून, टपावर पोती, दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची बघा. तसं चढताना मधेच कुणीतरी सगळी माणसं, सगळी पोती एकदम उतरवली तर बस कशी जाईल? तसं वाटतं. पाठ सीटला चिकटते."

मल्लाप्पांनी मान हलवली. घाटाच्या दिशेनं बघावं तसं रस्त्याकडं बघत राहिले.

संग्रामनं फोन काढून गाडी उचलून नेणाऱ्यांना लावला. रविवार होता, दोन-अडीच तास लागतील म्हणाले.

"तुझा मेस्त्री कुठं असतो?" मल्लाप्पांनी विचारलं.

"चामराजपेटला. पस्तीस-छत्तीस किलोमीटर."

"मग अर्धा तास थांबू. थंड झाली की प्लेट पुन्हा धरंल थोडी. मी चालवतो."

"अप्पा, तुमचे डोळे..."

"ऑपरेशन होऊन आठ म्हयने झाले." त्यांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून लायसन्स काढलं आणि त्याच्या हातात दिलं. नवं कोरं होतं. "गेल्या म्हयन्यात रिन्यू केलंय."

संग्रामनं ते बघितलं आणि परत दिलं. कशासाठी रिन्यू केलं, हे विचारायचं त्याला त्या वेळी सुचलं नाही.

अर्ध्या तासानं मल्लाप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट पुढं ओढली, आरसा खाली केला, चप्पल काढून सीटखाली सरकवली.

"एसी बंद. काचा खाली. मला इंजिन ऐकू येऊ दे."

त्यांनी पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसता क्लच सोडला. गाडी आपोआप पुढं सरकली. धक्का नाही, आवाज नाही. दुसरा. तिसरा. पन्नासच्या आसपास वेग स्थिरावला आणि तिथंच राहिला.

"चौथा टाका ना. काटा वर आहे," संग्राम म्हणाला.

"वरच्या गिअरला इंजिनाला जोर जास्त लावावा लागतो, आन् तो सगळा प्लेटवर येतो. एक गिअर खाली ऱ्हायचं, पाय हलका. पायाखाली अंडं हाय असं समजायचं."

येलहंकाजवळ रस्त्याला दोन फाटे फुटले. एक वर उड्डाणपुलावर जाणारा, एक खालून. संग्राम खालच्या रस्त्याकडं बोट दाखवत होता, कारण वर चढ होता. मल्लाप्पांनी गाडी वर घातली. "खाली सिग्नल हायत. चढ परवडला, थांबणं न्हाई परवडत." चढाच्या आधीच त्यांनी थोडा वेग घेतला होता. चढावर पाय आणखी दाबला नाही. वेग पन्नासचा चाळीस झाला, पस्तीस झाला, मागून हॉर्न वाजले, आणि गाडी वर पोचली. काटा एकदाही उडाला नाही.

संग्राम त्यांच्या पायांकडं बघत होता. निळी शीर उमटलेली, टाच टेकवलेली, आणि फक्त अंगठ्याजवळचा भाग हलत होता. लहान असताना तो या माणसाच्या बसमध्ये इंजिनाच्या गरम झाकणावर बसून जायचा. तेव्हा तो फक्त मोठ्या स्टिअरिंगकडं बघायचा. पाय त्यानं कधी बघितलेच नव्हते.

हेब्बाळला मात्र वाहतूक तुंबली होती. पुलाच्या चढावर चार रांगा उभ्या होत्या आणि इंच इंच सरकत होत्या. घसरणाऱ्या क्लचला याच्याइतकी वाईट जागा नाही. प्रत्येक वेळी अर्धवट क्लचवर गाडी धरून ठेवायची म्हटलं, तर पुलाच्या माथ्यापर्यंत प्लेटचा कोळसा झाला असता.

मल्लाप्पांनी गाडी न्यूट्रल केली आणि हँडब्रेक ओढला. पुढची गाडी सरकली. ते हलले नाहीत. ती आणखी सरकली. पुढं तीस-चाळीस फूट जागा मोकळी झाली तरी ते हलले नाहीत. मागं हॉर्नचा गोंगाट उठला. एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "एन् सार, मलगिद्दीरा?" झोपलात काय, म्हणून.

मल्लाप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आपल्या बेळगावी कन्नडमध्ये शांतपणे सांगितलं, "गाडीगे आराम इल्लरी. स्वल्प तडीरि." गाडीला बरं नाही, थोडं थांबा.

रिक्षावाला हसला. त्या बोलीला हसला की त्या म्हणण्याला, कोण जाणे. पण त्यानं रिक्षा मागं घेतली आणि बरोबर त्यांच्या पाठीशी लावली, म्हणजे दुसरं कुणी मधे घुसणार नाही.

मग मल्लाप्पांनी पहिला टाकला, हँडब्रेक सोडता सोडता क्लच एकदाच पूर्ण सोडला, आणि त्या चाळीस फुटांत गाडी स्वतःच्या ताकदीनं सावकाश चढत गेली. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा हँडब्रेक, पुन्हा थांबणं. असं अकरा-बारा वेळा झालं. गंगव्वा मागं पदरानं वारा घेत होती. "असंच हे यात्रेच्या गर्दीत बस काढायचे," ती संग्रामला म्हणाली. "मी एकदा होते बसमध्ये. माणसं शिव्या घालत होती, आन् हे असेच बसलेले."

चौथ्या-पाचव्या वेळेला मल्लाप्पा म्हणाले, "बंद पडंना बघ. चढावर, पाय न लावता. साधं इंजिन असतं तर दोनदा बंद पडलं असतं." आणि जरा वेळानं, स्वतःशीच, "ताकद हाय खरी."

साडेपाच वाजता ते चामराजपेटच्या गल्लीत शिरले. मेस्त्री हरीराव गॅरेजच्या वरच राहत. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी मराठा फौजांबरोबर इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलत, तिच्यात निम्मं कन्नड असे. संग्राम मुळात त्या मराठीच्या ओढीनंच इतक्या लांब गाडी आणायचा. हरीरावांनी खाली येऊन एकदा वास घेतला.

"देवनहळ्ळीपासून चालवत आणली? कोण, तू?"

"अप्पांनी."

हरीरावांनी मल्लाप्पांकडं बघितलं आणि हात जोडले. "अण्णा, कॉफी घेऊन जायचं."

मंगळवारी दुपारी हरीरावांनी फोन करून बोलावलं. गिअरबॉक्स उतरवून झाला होता. बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यावर क्लचची प्लेट ठेवली होती. तिच्यावरचा घर्षणाचा थर खिळ्यांच्या डोक्यांपर्यंत झिजला होता, आणि जिथं उरला होता तिथं काचेसारखा काळा, गुळगुळीत झाला होता. प्लेट ज्यावर दाबली जाते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते.

"ही कशी आली इथपर्यंत, ननगे गोत्तिल्ल," हरीराव म्हणाले. मला कळत नाही, या अर्थी. "आता ऐक. दोन रस्ते आहेत. साधी प्लेट बसवतो, पण मग इंजिनाचा जोर पहिल्यासारखा करून घे, नाहीतर सहा महिन्यांत परत येशील. नाहीतर जड प्रेशर प्लेट मिळते, रेसवाले घालतात ती. ती कितीपण जोर धरते. फक्त पेडल घट्ट होतंय. स्वल्प नाही, चांगलंच घट्ट."

"किती घट्ट?" मल्लाप्पांनी विचारलं.

कोपऱ्यात एक लाल गाडी उभी होती. तिला तसाच क्लच बसवला होता. "बसून बघा, अण्णा."

मल्लाप्पा आत बसले. डावा पाय पेडलवर ठेवून दाबला. अर्ध्यावर गेला आणि थांबला. त्यांनी पाठ सीटला रेटली, पुन्हा दाबला, तळापर्यंत नेला. धरून ठेवला. संग्रामनं मनात मोजलं, सिग्नलला धरावा लागतो तेवढा वेळही झाला नव्हता, तोवर त्यांचा गुडघा थरथरायला लागला. एकतीस वर्षांच्या बसनं तो गुडघा आधीच खाल्ला होता. त्यांनी पाय हळूच वर आणला, क्लच अजिबात न आपटता, आणि गाडीतून उतरले.

"चांगला हाय," ते म्हणाले. "मजबूत. हाच बसव, संग्राम. तुझ्या इंजिनाला हाच पायजे." आणि हरीरावांना म्हणाले, "मी जरा कोपऱ्यावर च्या घेऊन येतो."

ते लंगडत गेले. संग्राम हरीरावांना म्हणाला, "उद्या सांगतो."

घरी आल्यावर मल्लाप्पा गॅलरीत पेपर घेऊन बसले. संग्राम स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. गंगव्वा मेथी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "कुठला बसवणार?"

"जड. अप्पाच म्हणाले."

"ते म्हणणारच." तिनं दोन-तीन काड्या बाजूला टाकल्या. "गाडी मागायला आलते ते."

"काय?"

"डोळं चांगलं झालं. लायसन काढलं. दोन म्हयने मला म्हणायलेत, संग्रामला विचारू का, विचारू का. म्हटलं विचारा, तुमचाच लेक हाय. इथं आलो तर तू गाडी रोज पुसणार, तिच्याबद्दल बोलणार. मग हे गप्प. म्हणाले, दिलेली वस्तू परत कशी मागायची."

संग्रामच्या मनात आधी आला तो राग. तीन वर्षं गाडी त्याच्या नावावर होती. तिला त्यानं जीव लावला होता.

"दिली होती ना पण त्यांनी मला?" तो म्हणाला.

"दिली. डोळं गेलं म्हणून दिली," गंगव्वा म्हणाली. "हौसेनं न्हाई दिली." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो मेट्रोनं ऑफिसला गेला. गाडी नव्हतीच, आणि सोमवार-मंगळवार त्यानं घरूनच काम केलं होतं. पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीवरूनच जाते, पण तो आजवर तिच्यात कधी बसला नव्हता. वरून होसूर रोड दिसला, लाल दिव्यांची रांग दिसली. त्याला वाटलं होतं की निर्णय घेताना फार ओढाताण होईल. ओढाताण झालीच. रविवारच्या सकाळचे ते दहा-बारा सेकंद त्याला दिवसभर आठवत राहिले, आणि त्याचबरोबर पेडलवर थरथरणारा गुडघा आठवत राहिला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं हरीरावांना फोन करून साधी प्लेट बसवायला सांगितलं. मग रोशनला विचारून त्या ट्यूनिंगवाल्याला फोन केला. जुना प्रोग्रॅम त्याच्याकडं जपून ठेवलेला होता. चामराजपेटला जाऊन तो पुन्हा भरून देतो म्हणाला.

संध्याकाळी मल्लाप्पा गॅलरीतच होते. संग्राम शेजारी स्टूल घेऊन बसला.

"अप्पा, साधाच क्लच बसवतोय. इंजिनपण पहिल्यासारखं करतोय."

"कशापायी?"

"गाडी निपाणीला न्यायची आहे ना तुम्हाला?"

मल्लाप्पांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. आत भांडी एकाएकी शांत झाली होती.

"ही बोलली व्हय."

"तुम्ही का नाही बोललात?"

खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि सेन्सर टी-टी वाजत होता.

"तू नको म्हणाला असतास," ते म्हणाले.

"म्हणालो असतो," संग्राम म्हणाला. "तरी सांगायचं होतं."

मल्लाप्पा हसले. पहिल्यांदा ओठ न उघडता, मग मोठ्यानं, खांदे हलवत. संग्रामलाही हसू आलं. आतून गंगव्वानं विचारलं, काय झालं, आणि दोघांपैकी कुणीच तिला सांगितलं नाही.

मग मल्लाप्पा गंभीर झाले. "पण तुझं काय? तुला ते आवडतंय."

"आवडतं," संग्राम म्हणाला. खोटं बोलावंसं त्याला वाटलं नाही. "चुकल्यासारखं होईल काही दिवस. पण रोज जायला मेट्रो आहे. आणि तुम्ही तीन वर्षं गाडीशिवाय बसून राहिलात, त्यापेक्षा ते फार नाही."

"एकदा दाखवायचं होतंस मला. ते तिसऱ्या गिअरचं."

"आता प्लेटच नाही, अप्पा."

"व्हय. प्लेट न्हाई," मल्लाप्पा म्हणाले आणि खालच्या त्या मागं जाणाऱ्या गाडीकडं बघत राहिले.

शुक्रवारी गाडी मिळाली. किल्ली देताना हरीरावांनी बजावलं, "नवी प्लेट आहे. पहिले पाचशे-सहाशे किलोमीटर हलक्या पायानं. घाई नाही, ओढाओढ नाही. मग ती नीट बसते, सरी, ठीक?"

मल्लाप्पांनी विचार केला. "निपाणी इथनं तेवढीच पडते."

"मग निपाणीपर्यंत काही सांगायचं नाही तुम्हाला, अण्णा."

शनिवारी पहाटे उजाडताना ते निघाले. संग्रामला शनिवार-रविवार सुट्टीच होती. त्यानं चालवू का म्हणून विचारलं नाही, आणि मल्लाप्पांनीही देऊ का म्हणून विचारलं नाही. तुमकुरूच्या पुढं रस्ता मोकळा झाला. गाडी साठ-सत्तरवर एकसारखी चालली होती. ट्रक पुढं जात होते, बसा पुढं जात होत्या, एक स्कूटरसुद्धा पुढं गेली. संग्रामच्या उजव्या पायाचा अंगठा बुटात आपोआप दाबला जात होता. हिरियूरच्या आसपास ते थांबलं. पवनचक्क्या हळू फिरत होत्या. मागं गंगव्वाला झोप लागली होती. त्यानं सीट थोडी मागं केली. या गाडीत शेजारच्या सीटवर बसून एवढा लांबचा प्रवास त्यानं कधी केला नव्हता. रस्त्याकडेचं सगळं दिसत होतं.

रात्री ते हुबळीत पाहुण्यांकडं राहिले आणि रविवारी दुपारी निपाणीला पोचले. मल्लाप्पांनी गाडी दारात लावली, बॉनेट उघडून बघितलं, काही नव्हतं, बंद केलं. संध्याकाळच्या बसनं संग्राम बंगळुरूला परत निघाला.

मंगळवारी दुपारी, तो ऑफिसच्या कँटीनमध्ये असताना, गंगव्वाचा फोन आला.

"हे जेवायला आले न्हाईत अजून. सकाळी नऊला गाडी घेऊन गेलेत. तंबाखूच्या पेठेत कुणालातरी सोडतो म्हणाले. तिथनं चिक्कोडीला गेल्यात म्हणं, कुणाच्यातरी जावयाला आणायला. फोनपण घरातच ठेवून गेलेत. भाकरी थंड झाल्या."

"येतील, आई."

"येतील, ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, पण ती फार खरी नव्हती. "तुला नुसतं सांगितलं."